खोटे अक्षर आणि हलगर्जी लेखनिक : आर. एन. ए. विषाणूंवरील औषधांच्या घडणीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जंतुजन्य रोगांवरील प्रभावी औषधे वैद्यांच्या हाती आली होती. त्या औषधांचे यश एका साध्या भेदावर उभे होते. जंतू हा स्वतंत्र जीव असल्यामुळे त्याची घडण मनुष्याच्या पेशीहून अनेक बाबतीत निराळी असते. पेनिसिलिन जंतूच्या पेशीची भित्ती घडू देत नाही; मनुष्याच्या पेशीला तशी भित्तीच नसल्यामुळे रोग्याला त्यापासून सहसा अपाय होत नाही. विषाणूची गोष्ट वेगळी आहे. त्याला स्वतःचा संसार नसतो. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढवून घेतो. त्यामुळे विषाणूला मारू पाहणारे औषध पेशीलाही मारील, अशी धास्ती संशोधकांना दीर्घकाळ वाटत होती व ती निराधार नव्हती.

या अडचणीतून वाट कशी निघाली, हे समजण्यासाठी जीवशास्त्राच्या परिभाषेकडे पाहणे उपयुक्त ठरते. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डी. एन. ए. ची रचना प्रसिद्ध केल्यानंतर या शास्त्राने आपले शब्द लेखनविद्येतून उचलले. आनुवंशिक द्रव्य हा ‘मजकूर’ ठरला, त्याचे चार घटक ही ‘अक्षरे’ ठरली, डी. एन. ए. वरून आर. एन. ए. होणे हे ‘प्रतिलेखन’ आणि आर. एन. ए. वरून प्रथिन होणे हे ‘भाषांतर’ म्हटले जाऊ लागले. पुष्कळ रूपके वापरून वापरून झिजतात. हे रूपक मात्र प्रयोगशाळेत कामाला आले, कारण औषधाची जागा कोठे शोधावी हे त्यानेच दाखविले.

इन्फ्लुएंझा, पोलिओ, रेबीज, डेंग्यू, हेपटायटिस-सी, एड्स आणि कोविड-१९ या रोगांच्या विषाणूंचा मजकूर आर. एन. ए. मध्ये लिहिलेला असतो. मनुष्याची पेशी डी. एन. ए. वरून आर. एन. ए. लिहिते, परंतु आर. एन. ए. वरून आर. एन. ए. ची नक्कल करणारा किंवा विषाणूच्या आर. एन. ए. वरून उलट डी. एन. ए. लिहून देणारा लेखनिक ती विषाणूच्या सेवेस ठेवीत नाही. म्हणून अशा प्रत्येक विषाणूच्या मजकुरात त्याच्या स्वतःच्या लेखनिकाची, म्हणजे पॉलिमरेज नावाच्या विकराची, घडण लिहिलेली असते. परक्या घरात शिरलेल्या या पाहुण्याची स्वतःची म्हणता येईल अशी वस्तू ती हीच. औषधाचा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

२. खोट्या अक्षराची कल्पना

लेखनिकाला फसविण्याचा उपाय म्हणजे त्याच्या हाती खोटे अक्षर देणे. ही कल्पना विषाणूंच्या अभ्यासातून निघाली नाही. बरोज वेलकम या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज १९४२ मध्ये आणि गर्ट्रूड एलियन १९४४ मध्ये रुजू झाले. त्या काळी हजारो रसायने आंधळेपणाने तपासून त्यांतून एखादे औषध निवडण्याची रीत होती. या दोघांनी ती सोडून आनुवंशिक द्रव्याच्या घटकांसारखी दिसणारी पण किंचित बदललेली रसायने मुद्दाम घडविली. त्यांतून रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्युरीन हे औषध १९५३ मध्ये वापरात आले. या पद्धतीचा गौरव १९८८ च्या नोबेल पारितोषिकाने झाला.

याच सुमारास निसर्गानेही एक खूण दाखविली. वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी कॅरिबियन स्पंजातून मिळालेल्या न्यूक्लिओसाइडांचे वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत नेहमीच्या शर्करेऐवजी ॲरॅबिनोज ही शर्करा होती. अक्षराचा ओळखीचा भाग तसाच ठेवून त्याची बैठक असलेली शर्करा बदलता येते, हे रसायनज्ञांना त्यावरून उमगले.

डेट्रॉइट येथे कर्करोगावर संशोधन करणारे जेरोम हॉर्विट्झ यांनी हाच विचार पुढे नेऊन १९६४ मध्ये ॲझिडोथायमिडीन, म्हणजे पुढे ए. झेड. टी. या नावाने प्रसिद्ध झालेले द्रव्य तयार केले. त्याची युक्ती मोडी लिपीच्या उदाहरणाने ध्यानात येईल. मोडीत एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराला जोडून लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. डी. एन. ए. च्या लेखनातही प्रत्येक अक्षराच्या शर्करेवर पुढचे अक्षर अडकविण्यासाठी एक आकडा असतो. ए. झेड. टी. मध्ये हा आकडा काढून त्या जागी नायट्रोजनच्या तीन अणूंचा गट बसविलेला आहे. लेखनिक त्याला खरे अक्षर समजून ओळीत घेतो आणि तेथेच ओळ तुटते.

युक्ती निर्दोष असली तरी रोग चुकला होता. ल्यूकेमिया झालेल्या उंदरांवर या द्रव्याचा गुण आला नाही आणि हॉर्विट्झ यांनी ते बाजूला ठेवले. त्याचे स्वामित्वही त्यांनी घेतले नाही. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, आर. एन. ए. वरून डी. एन. ए. लिहिणारे विकर काही विषाणूंत असल्याचे सिद्ध केले. १९७४ मध्ये जर्मनीत वुल्फ्राम ओस्टरटाग यांनी उंदरांच्या अशाच एका विषाणूला ए. झेड. टी. रोखते असे दाखविले. परंतु या वर्गातील विषाणूपासून मनुष्याला होणारा रोग तेव्हा ज्ञात नव्हता. उत्तर तयार होते. प्रश्न अजून विचारला जावयाचा होता.

३. १९८७ चा विजय आणि त्याची मर्यादा

प्रश्न १९८१ मध्ये पुढे आला. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रोग्यांची नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. भारतात तो १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. हा विषाणू टेमिन-बाल्टिमोर यांच्या वर्गातला निघाला. बरोज वेलकमच्या संशोधकांनी जुन्या संग्रहातून ए. झेड. टी. निवडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत सॅम्युएल ब्रोडर आणि हिरोआकी मित्सुया यांनी १९८५ च्या प्रारंभी त्याचा प्रभाव पारखला आणि त्याच वर्षीच्या जुलैत पहिल्या रोग्याला ते देण्यात आले.

त्यानंतरच्या परीक्षेत २८२ रोगी होते. काहींना औषध आणि इतरांना औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. सप्टेंबर १९८६ पर्यंत औषध घेणाऱ्यांत १ आणि न घेणाऱ्यांत १९ मृत्यू झाले, तेव्हा परीक्षा थांबवून सर्वांनाच औषध देण्याचा निर्णय झाला. १९ मार्च १९८७ रोजी त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. संग्रहातून बाहेर काढल्यापासून रोग्याच्या हाती पडेपर्यंत लागलेला हा काळ त्या दिवसांतील रीतीच्या मानाने फारच थोडा होता.

परंतु विजय टिकला नाही. १९८९ मध्येच दीर्घकाळ उपचार घेतलेल्या रोग्यांत ए. झेड. टी. ला न जुमानणारे विषाणू सापडले. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधील १,७४९ व्यक्तींवर झालेल्या ‘काँकॉर्ड’ या परीक्षेचे निष्कर्ष १९९४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसण्यापूर्वीच हे औषध सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असा त्यांचा आशय होता. मोठ्या आशेने औषध घेणाऱ्यांना हे ऐकणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

याचे कारण लेखनिकाच्या स्वभावात होते. मनुष्याची पेशी सुमारे ३०० कोटी अक्षरांची प्रत काढते आणि ती तपासून दुरुस्तही करते. १०० कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते. आर. एन. ए. विषाणूचा लेखनिक लिहिलेले सहसा पुन्हा वाचीत नाही. त्याच्या हातून साधारणतः १०,००० ते १,००,००० अक्षरांमागे एक चूक होते. एड्सच्या विषाणूचा मजकूर ९,००० ते १०,००० अक्षरांचा आहे आणि रोग्याच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू निर्माण होतात, असे १९९६ च्या गणिताने दिसून आले. अर्थात, मजकुरातील कोणत्याही एका ठिकाणचा कोणताही एक पाठभेद रोज कोठे ना कोठे लिहिला जातोच.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून तीत पाठभेद शिरले होते. मात्र पोथीच्या बाबतीत पाठभेद हा दोष असतो. विषाणूला तोच तारक ठरतो. ज्या चुकीमुळे लेखनिकाला खोटे अक्षर ओळखता येऊ लागते, ती चूक असलेली प्रत औषधाच्या माऱ्यातून वाचते आणि पुढे तिच्याच प्रती निघतात. हलगर्जीपणा हेच विषाणूचे संरक्षण होय.

४. तीन औषधे, एक गोळी

याच गणितातून उपायही निघाला. एका औषधातून सुटण्यास एक-दोन चुका पुरत असतील, तर तीन निरनिराळ्या औषधांतून सुटण्यास तेवढ्या साऱ्या चुका एकाच प्रतीत एकाच वेळी पडाव्या लागतील. अशा योगायोगाचा संभव जवळजवळ शून्यावर येतो. त्यासाठी दुसरे लक्ष्य हवे होते. विषाणूची प्रथिने प्रथम एका लांब साखळीत तयार होतात आणि विषाणूचेच प्रोटिएज नावाचे विकर ती ठरावीक ठिकाणी कापून वेगळी करते. जणू समास सोडवून पदे वेगळी करावीत, तसे हे काम आहे. १९८९ मध्ये स्फटिकांवर क्ष-किरण टाकून या कात्रीची आकृती निश्चित करण्यात आली आणि तिच्या खाचेत नेमके बसतील असे रेणू रसायनज्ञांनी त्या आकृतीच्या आधाराने कोरले. डिसेंबर १९९५ मध्ये साक्विनाव्हिर आणि मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर व इंडिनाव्हिर यांना मान्यता मिळाली. तीन औषधांच्या संयुक्त उपचाराने अमेरिकेतील एड्सचे मृत्यू १९९६ च्या तुलनेत १९९७ मध्ये ४७ टक्क्यांनी घटले.

हा उपाय सर्वांसाठी नव्हता. त्याचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरच्या वर होता आणि रोगी बहुसंख्येने आफ्रिकेत होते. येथे मुंबईचा संबंध येतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या निर्मितीच्या रीतीवर स्वामित्व मान्य केले होते, खुद्द औषधावर नव्हे. त्यामुळे दुसऱ्या रीतीने तेच औषध करण्यास मोकळीक होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने, युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा उपचार ‘सीमारहित डॉक्टर’ या संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. इतर देशांत ज्या तीन औषधांचे हक्क तीन वेगळ्या कंपन्यांकडे होते, ती भारतात एकाच गोळीत घालता आली. रोग्याने काही गोळ्या घेऊन काही टाळण्याचा धोका त्यामुळे कमी झाला. औषधांची संख्या ही विषाणूच्या चुकांवरची तोड होती; ती संख्या गरीब रोग्याच्या आवाक्यात आणण्याचे काम या गोळीने केले. जागतिक व्यापार करारानुसार २००५ पासून भारतातही खुद्द औषधावर स्वामित्व लागू झाले, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी लागते.

५. संपूर्ण बरे होणे

एड्सचा विषाणू औषधाने दबतो, पण जात नाही. आपला मजकूर डी. एन. ए. मध्ये उतरवून तो पेशीच्या मूळ दफ्तरातच शिवून टाकतो. १९८९ मध्ये ओळखल्या गेलेल्या हेपटायटिस-सी च्या विषाणूला असे दफ्तर नाही. तो आर. एन. ए. वरून आर. एन. ए. लिहीत राहतो, लेखन थांबले की मागे काही उरत नाही. हा भेद निर्णायक ठरला.

अडचण होती ती हा विषाणू प्रयोगशाळेत वाढत नसे ही. १९९९ मध्ये जर्मनीत फोल्कर लोमन आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी त्याच्या मजकुराचा एक भाग यकृताच्या पेशीत स्वतःची नक्कल करीत राहील अशी व्यवस्था साधली. लेखनिक औषधाने थांबतो की नाही हे आता पाहता येऊ लागले. दुसरी अडचण रासायनिक होती. खोटे अक्षर ओळीत बसण्यापूर्वी पेशीने त्याला तीन फॉस्फेट जोडावे लागतात आणि त्यांपैकी पहिला जोडताना पेशी पुष्कळदा अडते. तो पहिला फॉस्फेट आधीच जोडून वर रासायनिक आच्छादन घालण्याची युक्ती कार्डिफचे क्रिस मॅग्विगन यांनी विकसित केली होती. हे आच्छादन पेशीत गेल्यावर गळून पडते. तिच्या आधारे मायकेल सोफिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या सोफोसब्युव्हिरला डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जोडीच्या औषधासह साधारणतः बारा आठवड्यांत दहांपैकी नऊहून अधिक रोगी पूर्ण बरे होऊ लागले. जुनाट विषाणुरोग गोळ्यांनी समूळ जातो, असे वैद्यकाच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते.

किंमत पुन्हा आडवी आली. अमेरिकेत एका गोळीला १,००० डॉलर आणि बारा आठवड्यांस ८४,००० डॉलर पडत. २०१४ मध्ये मालक कंपनीने काही भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि ठरावीक देशांसाठी ते औषध स्वस्तात निघू लागले. त्या यादीबाहेर राहिलेल्या देशांतील रोग्यांना मात्र त्याचा लाभ मिळाला नाही.

६. मजकूर बिघडविण्याचा मार्ग

ओळ तोडण्याऐवजी मजकूरच वाचण्यापलीकडे बिघडवावा, असाही एक मार्ग आहे. १९७२ मध्ये जाहीर झालेले रिबाव्हिरिन हे द्रव्य अनेक आर. एन. ए. विषाणूंना रोखते आणि पश्चिम आफ्रिकेतील लासा ज्वरात ते उपयोगी पडते, असे १९८६ मध्ये दिसून आले. त्याचे कार्य कसे चालते, यावर मात्र मतभेद होते. मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्येच असे मांडले होते की चुकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले तर मजकूर आपली ओळखच गमावतो. शेन क्रॉटी, क्रेग कॅमेरॉन आणि राउल आंदिनो यांनी २००० व २००१ मध्ये पोलिओच्या विषाणूवर प्रयोग करून दाखविले की रिबाव्हिरिन दोन वेगवेगळ्या अक्षरांच्या जागी वाचले जाते आणि विषाणूला या मर्यादेपलीकडे ढकलते. हलगर्जी लेखनिक नेहमी कड्याच्या काठावर उभा असतो. त्याला थोडासा धक्का पुरतो.

कोरोना विषाणू या नियमाला अपवाद निघाले. त्यांचा मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या तिप्पट आहे. एवढा लांब मजकूर हलगर्जी लेखनिकाला सांभाळता येणार नाही, म्हणून त्यांच्याजवळ लेखनिकासोबत एक मुद्रितशोधकही असतो. हे विकर ओळीच्या टोकाला बसलेले चुकीचे अक्षर खुडून काढते. २००३ च्या सार्सच्या साथीत रिबाव्हिरिनचा निश्चित लाभ का दिसला नाही, याचे एक स्पष्टीकरण यात सापडते. मूळ दुसऱ्या विषाणूंसाठी घडविलेले आणि इबोलावर फारसे न चाललेले रेमडेसिव्हिर येथे अंशतः उपयोगी पडले. ते ओळीत बसल्यावर आणखी तीन अक्षरे लिहिली जातात आणि मग लेखन अडते. तोवर खोटे अक्षर मुद्रितशोधकाच्या नजरेआड गेलेले असते, असे मानले जाते. रुग्णालयातील रोग्यांचा बरा होण्याचा काळ त्याने कमी केला. मृत्युदरावरील परिणाम मात्र अल्पच ठरला.

मजकूर बिघडविणारे मोलनुपिराव्हिर नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये मान्य झाले. २०२३ मध्ये त्याच्या खास ठशाच्या चुका असलेले विषाणू काही देशांतील नमुन्यांत आढळले. बिघडलेल्या प्रतीही क्वचित टिकतात आणि पसरतात, हा इशारा त्यातून मिळाला. अधिक गुणकारी ठरले ते कोरोना विषाणूच्या कात्रीवरील निर्माट्रेल्व्हिर; डिसेंबर २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत तातडीची परवानगी मिळाली. त्याच्यासोबत दिले जाते ते रिटोनाव्हिर, म्हणजे १९९६ मधील एड्सचे औषध. यकृताने नवे औषध लवकर मोडू नये एवढेच त्याचे येथे काम असते.

७. उपसंहार

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. खोटे अक्षर, त्याची शर्करा, त्याचा फॉस्फेट, कात्रीचा आकार, औषधांची संख्या यांपैकी प्रत्येक पायरी आधीच्या अपयशाचा नीट वाचलेला अर्थ होती. हॉर्विट्झ यांचे निरुपयोगी ठरलेले द्रव्य, ए. झेड. टी. चा अल्पजीवी विजय, इबोलावर न चाललेले रेमडेसिव्हिर यांची नोंद जपली गेली, म्हणून पुढचे पाऊल पडले. टाकून दिलेला पाठही तळटीपेत राखून ठेवण्याची संपादकांची शिस्त येथे प्राण वाचविणारी ठरली.

तथापि नोंदी आणि ज्ञान पुरेसे असूनही काही पाने कोरीच आहेत. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा त्या रोगाचा विषाणू या केंद्राने शोधून काढला. गोचिडीच्या दंशाने पसरणारा हा रोग पुढे महाराष्ट्रात सिंधुदुर्गापर्यंत आला. त्याचा विषाणू आर. एन. ए. चाच असून हेपटायटिस-सी च्या विषाणूशी त्याचे दूरचे नातेही आहे. त्याचाही स्वतःचा लेखनिक आहे आणि तोही फसू शकतो. मात्र त्याच्यावर खास असे औषध अद्याप नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतर लक्षणे उमटलेल्या रेबीजवरही नाही. हे रोग ज्यांना होतात ती माणसे जंगलात सरपण गोळा करणारी, काजूच्या बागांत राबणारी किंवा गावाच्या कडेला राहणारी असतात, आणि त्यांच्यासाठी महागडे औषध घडविण्यात कोणाला नफा दिसत नाही. लेखनिकाला फसविण्याची विद्या साठ वर्षांत सिद्ध झाली आहे. ती कोणासाठी वापरावयाची, हे मात्र प्रयोगशाळेत ठरत नाही.